पार्किन्सन्सच्या गोळ्या आणि न आवरणारा मोह

पार्किन्सन्सवर उपचार घेणाऱ्या काही रुग्णांच्या वागण्यात, औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी, असा बदल होतो की घरची माणसे चक्रावून जातात. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस लॉटरीची तिकिटे गठ्ठ्याने आणू लागतो. कुणाला खरेदीचा नाद लागतो, कुणी रात्री-अपरात्री उठून गोडाचे डबे रिकामे करतो, कुणाची कामेच्छा इतकी वाढते की पत्नीला घरात वावरणे नकोसे होते. वैद्यकशास्त्रात यांना आवेग-नियंत्रणाचे विकार म्हणतात. मनात उठलेली ओढ थोपवणे रुग्णाला जमत नाही, परिणाम वाईट आहेत हे समजूनही जमत नाही. पार्किन्सन्समध्ये हे विकार मुख्यतः औषधांमुळे, त्यातही डोपामिन ॲगोनिस्ट या गटातल्या औषधांमुळे होतात. औषधाची मात्रा कमी केली किंवा औषध बदलले, की बहुतेकांमध्ये ते ओसरतात. पण हे ठाऊक नसल्यामुळे घराघरांत त्याला ‘म्हातारचळ’ म्हटले जाते, माणसाच्या चारित्र्यावर शिक्का बसतो आणि डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट जातच नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. आयुर्वेदात त्याच्याशी मिळतीजुळती लक्षणे कंपवात या नावाखाली येतात. मेंदूच्या खालच्या भागात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि स्ट्रायटम या भागाला पुरवतात. या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरू लागतो, चाल मंदावते, अंग ताठरते, तोवर निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन फारच कमी असते, हे व्हिएन्नात हेर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० साली दाखवले. डोपामिन तोंडाने दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, पण त्याचे पूर्वरूप असलेले लेव्होडोपा शिरते. अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास यांनी १९६७ साली लेव्होडोपा भरपूर मात्रेत तोंडाने देऊन रुग्णांना चालते-फिरते केले. आजही या आजारावर त्याहून प्रभावी औषध नाही. भारतात ते कार्बिडोपासोबत एकाच गोळीत मिळते. ‘सिंडोपा’ हे नाव पार्किन्सन्स असलेल्या बहुतेक घरांत पाठ असते.

लेव्होडोपाचा एक धागा आपल्या परसातला आहे. हात लावला की अंगाला खाज सुटते ती खाजकुयली, म्हणजे आयुर्वेदातली कपिकच्छू आणि उत्तरेतला कौंच. तिच्या बियांमधून लेव्होडोपा वेगळे काढल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. ही माहिती केवळ अभिमानासाठी नाही. कौंच बियांचे चूर्ण बाजारात सहज मिळते, आणि ताकद येते म्हणून ते घेणारा रुग्ण नकळत आपल्या गोळ्यांवर आणखी लेव्होडोपा चढवत असतो. डॉक्टरांना गोळ्यांची यादी सांगताना चूर्णाचे नाव बहुधा राहून जाते.

लेव्होडोपाचा परिणाम काही वर्षांनी तोकडा पडू लागतो. गोळीचा असर लवकर उतरतो, आणि असर असताना हातपाय आपोआप वळवळतात. हा टप्पा लांबवण्यासाठी डोपामिन ॲगोनिस्ट आले. ही औषधे डोपामिनमध्ये रूपांतरित होत नाहीत. डोपामिन ज्या ग्राहींवर जाऊन बसते, तिथेच ती स्वतः जाऊन बसतात. १९७० च्या दशकात ब्रोमोक्रिप्टिन आले. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांना अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली आणि पुढे ती जगभर पसरली. रोटिगोटिनची त्वचेवर लावायची पट्टीही याच गटातली. कमी वयात आजार जडलेल्या रुग्णाला पुढे अनेक वर्षे औषधे घ्यायची असतात, म्हणून त्याला लेव्होडोपाऐवजी आधी ॲगोनिस्ट द्यावे, असा प्रघात बराच काळ होता. हातपाय वळवळण्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. अडचण अशी, की आवेग सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तोही याच तरुण रुग्णांना. ज्याची नोकरी चालू आहे, ज्याच्या हातात घराचे आर्थिक व्यवहार आहेत, त्यालाच हे औषध सर्वाधिक मिळत गेले.

औषध हालचालीसाठी दिले जाते, मग त्याचा परिणाम वागण्यावर का व्हावा? कारण डोपामिन हे केवळ हालचालीचे रसायन नाही. स्ट्रायटमचा वरचा भाग हालचालींशी निगडित आहे आणि पार्किन्सन्समध्ये तिथला पुरवठा आधी आटतो. खालच्या भागात न्यूक्लियस ॲकम्बेन्स हे केंद्र आहे. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, तिच्यामागे लागणे, मिळाल्यावर पुन्हा तेच करावेसे वाटणे, हे व्यवहार तिथे चालतात. या भागाचा पुरवठा आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत बराचसा शाबूत असतो. एकाच पाटावरच्या दोन वाफ्यांपैकी शेवटचा कोरडा पडला आणि पहिला भरलेलाच आहे, अशा वेळी शेवटच्या वाफ्याच्या हिशेबाने पाणी सोडले तर पहिला तुंबून वाहतो. औषधाचे नेमके असेच होते. हाताची थरथर थांबवण्याइतकी मात्रा इच्छेच्या केंद्राला अति होते.

ॲगोनिस्टच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. डोपामिनच्या ग्राहींचे पाच प्रकार आहेत. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांची ओढ त्यांतल्या डी-३ या प्रकाराकडे अधिक आहे, आणि हे ग्राही इच्छा-भावनांशी संबंधित भागांत दाटीने असतात. दुसरी गोष्ट शिकण्याची. अपेक्षेपेक्षा चांगले काही घडले की डोपामिनच्या पेशी क्षणभर जोरात चेततात. अपेक्षाभंग झाला की क्षणभर गप्प होतात. वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून हे दिसून आले. माणूस ठेच लागून शहाणा होतो तो या गप्प होण्यामुळे. ॲगोनिस्ट मात्र ग्राहींवर तासन्‌तास बसून राहते, त्यामुळे पेशी गप्प झाल्याचा निरोप पुढे पोहोचतच नाही. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले, की पार्किन्सन्सचे रुग्ण औषधाविना असताना चुकांतून जास्त शिकतात आणि औषध घेतल्यावर बक्षिसातून जास्त शिकतात. लॉटरीत हरलेल्या नव्याण्णव तिकिटांचा चटका त्या मेंदूला जाणवत नाही. लागलेले एक तिकीट मात्र ठसठशीत लक्षात राहते. ‘एवढे हरूनही अक्कल येत नाही’ असे घरचे लोक म्हणतात, तेव्हा ते अगदी अचूक निरीक्षण करत असतात. फक्त त्याचे कारण स्वभावात नसून त्या दिवशीच्या गोळीत असते.

या विकारांची चार मुख्य रूपे मानली जातात: जुगार, अति कामेच्छा, अनावर खरेदी आणि अनावर खाणे. पुरुषांमध्ये पहिली दोन आणि स्त्रियांमध्ये शेवटची दोन तुलनेने जास्त आढळतात. त्यांच्याबरोबरीने येणारी काही वागणुकीची रूपे आहेत. त्यांतले पंडिंग हे सर्वांत विलक्षण. हे नाव स्वीडनमधून आले. ॲम्फेटामिनचे व्यसन जडलेल्या लोकांत अशी वागणूक दिसते, असे तिथे १९७२ साली नोंदवले गेले. पार्किन्सन्समध्ये ती नव्वदच्या दशकात ओळखली गेली.

पंडिंग कसे दिसते? रात्रीचे दोन वाजलेले असतात. निवृत्त तंत्रज्ञ जमिनीवर बसून जुना रेडिओ उघडतो. स्क्रू आकारानुसार लावतो, पुन्हा एकत्र करतो, पुन्हा लावतो. रेडिओ जोडून होत नाही, कारण जोडणे हा हेतूच नसतो. जेवायचे भान नाही, लघवीला उठायचेही भान नाही. हिशेबनीस कागदांच्या चळती लावत राहतो, शिवणकाम केलेली बाई बटणे आणि दोरे वेगळे करत राहते, कुणी दागिन्यांचा डबा दिवसातून कितीदा तरी मांडते आणि आवरते. जुन्या कामाचा किंवा छंदाचा माग या वागण्यात दिसतो, ही बाब जगभरच्या नोंदींत आहे. मध्येच उठवले तर माणूस चिडतो. त्यात त्याला मोठा आनंद मिळतो असेही नाही. एक प्रकारची शांतता मिळते. घरच्यांना हा विरंगुळा वाटतो, ‘बरे झाले, काहीतरी करत बसतात’ असे वाटते. झोप उडते, जेवणे चुकतात, सोबत राहणारे माणूस थकून जाते, तेव्हा कुठे शंका येते.

दुसरे रूप औषधाच्याच हव्यासाचे. काही रुग्ण लेव्होडोपाची गोळी ठरलेल्या वेळेआधी घेऊ लागतात, मग जास्त घेऊ लागतात, घरात लपवून साठा करतात. शरीराला पुरेशी हालचाल येत असूनही ‘अजून असर आला नाही’ असे त्यांना वाटते. हातपाय जोराने वळवळत असतात, तरी पुढची गोळी हवीच असते. लंडनच्या गॅव्हिन जिओव्हानोनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली याचे व्यवस्थित वर्णन केले. इतर रूपांमध्ये ॲगोनिस्ट हा मुख्य दोषी असतो. इथे लेव्होडोपा असतो. म्हणून ‘आम्ही ॲगोनिस्ट घेतच नाही, तेव्हा काळजी नाही’ हे खरे नाही.

जुगाराकडे डॉक्टरांचे लक्ष आधी गेले, कारण पैशाची हानी लपत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनामधून १,८८४ रुग्णांच्या नोंदी तपासून नऊ जण अनावर जुगारात सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतले आठ प्रामिपेक्सोल घेत होते. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांमधला मोठा अभ्यास आला. त्यात ३,०९० रुग्ण होते. चार मुख्य विकारांपैकी किमान एक १३.६ टक्के रुग्णांत आढळला. ॲगोनिस्ट घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. पण हे एका क्षणाचे चित्र. फ्रान्समध्ये रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, आणि २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांच्या अवधीत ॲगोनिस्ट घेतलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांत कधी ना कधी असा विकार दिसला. ते कधीच न घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या घरात होते. औषधाच्या माहितीपत्रकात दुर्मीळ दुष्परिणामांच्या यादीत ढकलावी अशी ही गोष्ट नाही.

भारतातले दोन अभ्यास इथे महत्त्वाचे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने ३०५ रुग्ण तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले. मुख्य विकार आणि संबंधित वागणुकी मिळून जवळपास एक तृतीयांश रुग्णांत काहीतरी आढळले. दिल्लीच्या एम्समध्ये २९९ रुग्णांना प्रश्नावली दिली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ४२.८ टक्के रुग्णांनी किमान एका वागणुकीला होकार दिला. यात पंडिंग सर्वांत वर होते, १२.४ टक्के. त्यानंतर अति कामेच्छा, ११ टक्के. जुगार सर्वांत खाली, ३.३ टक्के. प्रश्नावली ही चाळणी असते, तिच्यात सापडलेला प्रत्येक जण आजारी असतोच असे नाही, म्हणून हे आकडे अमेरिकेच्या आकड्यांशेजारी मांडून भारतात तिप्पट विकार आहेत असे म्हणणे चूक ठरेल. क्रम मात्र बोलका आहे. पाश्चात्त्य देशांत कॅसिनो आणि जुगाराची यंत्रे गल्लोगल्ली असतात, तिथे औषधाने सुटलेली ओढ त्या वाटेने जाते. इथे ती घरात, चार भिंतींच्या आत वळते. म्हणून ‘तुम्ही जुगार खेळता का?’ एवढाच प्रश्न विचारून थांबणारा डॉक्टर भारतात बहुतेक रुग्ण निसटू देईल.

औषधच कारण आहे, हे कशावरून? आजारानेच मेंदूत असा बदल होत नसेल कशावरून? याची तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही भक्कम आहेत. नुकतेच निदान झालेल्या, अजून एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांत या विकारांचे प्रमाण निरोगी लोकांइतकेच आढळले. दुसरे, हीच औषधे पार्किन्सन्स नसलेल्यांना दिली जातात: रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या आजारात प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, पिट्युटरी ग्रंथीच्या प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठीवर कॅबर्गोलिन. त्या रुग्णांतही जुगार आणि अति कामेच्छा दिसून आली आहे. तिसरे, औषध कमी केले की ओढ कमी होते. अर्थात एकच गोळी घेणाऱ्या दहा जणांपैकी सगळ्यांना हे होत नाही. वय कमी असणे, धूम्रपान, स्वतःला किंवा घरात कुणाला पूर्वी दारू-जुगाराचा नाद असणे, नावीन्याची ओढ असलेला स्वभाव, नैराश्य, औषधाची मोठी मात्रा आणि दीर्घ काळ, यांनी धोका वाढतो. औषध ठिणगी टाकते. जमीन प्रत्येकाची वेगळी असते.

चंडीगडसारख्या शहरात या सगळ्याला स्थानिक वळण मिळते. १९६२ साली सुरू झालेली आणि १९६७ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था असलेली पीजीआय, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, सेक्टर बारामध्ये आहे. पंजाब, हरयाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर इथून रुग्ण तिथे येतात. पार्किन्सन्सचा रुग्ण रात्रभर बसने प्रवास करून, सोबत मुलगा किंवा पत्नी घेऊन, ओपीडीचे कार्ड काढून रांगेत उभा राहतो. आत गेल्यावर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत थरथर, चाल, पडणे, बद्धकोष्ठ, गोळ्यांच्या वेळा एवढे सांगेपर्यंत वेळ संपते. सोबत आलेला मुलगा असला तर बापाच्या कामेच्छेचा विषय निघणेच शक्य नाही. पत्नी असली तर ती नवऱ्यासमोर बोलणार नाही. रुग्ण स्वतः सांगेल हेही धरून चालता येत नाही. आपल्यात काही बिघडले आहे ही जाणीवच अनेकांना नसते. उलट औषधाने उत्साह आला, जग पुन्हा रंगीत झाले, असे त्यांना वाटत असते.

त्या भागात पैशाची वाटही जवळच सापडते. पंजाब सरकार स्वतः लॉटरी चालवते. लोहडी, बैसाखी, दिवाळीच्या बंपर सोडतींची तिकिटे कायदेशीरपणे विकली जातात. महाराष्ट्रात राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, गोव्यात मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी आहेत, मटक्याला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांनी घरबसल्या हरण्याची सोय केली होती. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे या रुग्णांच्या दृष्टीने चांगलेच झाले. त्यामुळे चोरवाटा बंद झाल्या असे मात्र समजू नये.

पंजाब आणि आसपासच्या भागात व्यसनाचा प्रश्न उघड आहे. पीजीआयमध्ये नरेंद्रनाथ विग यांनी १९६३ साली मनोविकार विभाग उभारला आणि तिथे व्यसनमुक्तीचे काम दीर्घकाळ चालू आहे. न्यूरोलॉजी विभागाचा पाया जगजितसिंग चोप्रा यांनी घातला. आवेग-नियंत्रणाचा विकार या दोन विभागांच्या सीमेवर पडतो. तो ज्या औषधाने होतो ते न्यूरोलॉजिस्ट देतो आणि ज्या लक्षणांनी तो दिसतो ती मनोविकारतज्ज्ञाकडे जातात. एखादा प्रौढ माणूस अचानक जुगारी झाला म्हणून थेट व्यसनमुक्ती केंद्रात आणला गेला, तर तिथे पहिला प्रश्न ‘पार्किन्सन्सचे, पाय अस्वस्थ होण्याचे किंवा पिट्युटरीचे औषध चालू आहे का?’ हा असायला हवा. आणि न्यूरोलॉजीच्या खोलीत ॲगोनिस्टची पहिली चिठ्ठी लिहिताना घरातल्या व्यसनांचा इतिहास विचारायला हवा. जिथे दोन्ही विभाग एका आवारात आहेत, तिथे हे अवघड नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे एकच फिजिशियन सगळे पाहतो, तिथे तर हे दोन्ही प्रश्न त्याच्याच हाती असतात.

विचारायचे कसे, हे कौशल्याचे काम आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॅनियल वाइनट्रॉब आणि सहकारी यांनी २००९ साली ‘क्विप’ ही छोटी प्रश्नावली तयार केली. एम्सच्या अभ्यासात तीच वापरली गेली. पण प्रश्नावली हाती नसली तरी चालते. ‘या औषधाने काही लोकांना खरेदीचा, खाण्याचा, पैसे लावण्याचा, शरीरसंबंधाचा किंवा एकच काम तासन्‌तास करत राहण्याचा मोह आवरत नाही. तुमच्याकडे असे काही जाणवते का?’ असा सरळ प्रश्न, दोष औषधाकडे ठेवून विचारला, तर उत्तर येते. पत्नीला किंवा सुनेला दोन मिनिटे वेगळे विचारणे हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. हे पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीच सांगून ठेवायला हवे. आधी सांगितलेला दुष्परिणाम घरचे ओळखतात. न सांगितलेला ते पाप समजतात.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे ॲगोनिस्टची मात्रा हळूहळू कमी करणे आणि शक्य असेल तर ते बंद करणे. हालचाल टिकवण्यासाठी त्या जागी लेव्होडोपा वाढवले जाते. इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा: हे वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नये. ॲगोनिस्ट एकदम थांबवल्यावर किंवा कमी करतानाही काही जणांना तीव्र अस्वस्थता, धडकी, नैराश्य, घाम, औषधासाठी तडफड सुरू होते. २०१० साली वर्णन झालेला हा त्रास लेव्होडोपा वाढवूनही थांबत नाही, महिनोन्‌महिने टिकू शकतो आणि ज्यांना आवेगाचा विकार असतो त्यांच्यातच तो प्रामुख्याने होतो. लेव्होडोपा अचानक बंद केल्यास ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे आणि शुद्ध हरपणे अशी जिवावरची वेळ येऊ शकते. म्हणून मात्रा पायरीपायरीने, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवली जाते, आणि त्या आठवड्यांत घरच्यांनी मनःस्थितीवर लक्ष ठेवायचे असते.

इतर औषधांचा आधार तितका पक्का नाही. अमान्टाडिन जुगारावर उपयोगी पडते असे एका लहान अभ्यासात दिसले, तर मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांतच विकार जास्त आढळले. मानसोपचाराच्या बैठकांचा, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धतीचा, उपयोग होतो असे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले. डीप ब्रेन स्टिम्युलेशन ही शस्त्रक्रिया वेगळ्या वाटेने मदत करते. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून हालचाल सुधारली की औषधांची मात्रा बरीच उतरवता येते आणि त्याबरोबर ओढही उतरते. मात्र काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर नव्याने आवेग दिसल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा ती या विकारावरचा हमखास इलाज म्हणून विकली जाऊ नये.

औषध उतरेपर्यंतच्या काळात घर सांभाळावे लागते. बँकेचे खाते संयुक्त करणे, कार्डांची आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करणे, मोठ्या व्यवहारावर दुसऱ्याची सही ठेवणे, घराची-जमिनीची कागदपत्रे सुरक्षित जागी ठेवणे, गोळ्या दुसऱ्याच्या हातून दिल्या जातील असे पाहणे, ही कामे रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने केली तर अपमान होत नाही. औषधामुळे तुमचा ब्रेक सैल झाला आहे, तो ठीक होईपर्यंत आम्ही सोबत धरतो, एवढे म्हटले की बहुतेक जण तयार होतात. पत्नीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नवऱ्याचा आजार आहे म्हणून शरीरसंबंधाची जबरदस्ती सहन करणे हे तिचे कर्तव्य नाही. तिला नकाराचा, वेगळ्या खोलीत झोपण्याचा, डॉक्टरांशी एकटीने बोलण्याचा हक्क आहे. आजाराची सगळी चर्चा रुग्णाभोवती फिरते आणि ही बाई कुठल्याच कागदावर येत नाही.

नुकसानीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न काही देशांत न्यायालयापर्यंत गेला. फ्रान्समध्ये रोपिनिरोल घेताना जुगार आणि लैंगिक वर्तन अनावर झालेल्या एका रुग्णाच्या बाजूने रेन येथील अपील न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला आणि औषध कंपनीला सुमारे दोन लाख युरोंची भरपाई द्यायला लावली. धोक्याची सूचना वेळेवर दिली गेली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा. आता सूचना छापलेली असते. ती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत तोंडी सांगितली जाते का, हा भारतातला खरा प्रश्न उरतो.

आधारगटांचे काम इथेच मोलाचे ठरते. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही मुंबईतून चालणारी संस्था आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी रुग्ण आणि शुभंकर, म्हणजे सांभाळणारी माणसे, यांना एकत्र बसवून बोलते केले आहे. व्यायाम, आहार, गोळ्यांच्या वेळा यांच्याइतकाच हा विषयही अशा बैठकांत यायला हवा, शक्यतो शुभंकरांच्या वेगळ्या बैठकीत.

मात्रा उतरवल्यानंतर काय होते? बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओढ ओसरते. काहींना हालचाल बिघडल्यामुळे थोडे ॲगोनिस्ट पुन्हा घ्यावे लागते आणि मग दर भेटीत तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. थोड्या रुग्णांत वर्तन औषध थांबल्यावरही रेंगाळते; त्यांना मनोविकारतज्ज्ञाची दीर्घकाळ साथ लागते. ओढ गेल्यावर रुग्णाला मागचे सगळे स्वच्छ दिसू लागते, आणि त्या वेळी येणारे नैराश्य गंभीर असू शकते. म्हणून मोह ओसरल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत तपासणीच्या भेटी लांबवू नयेत. झोप, भूक, निराशेचे बोलणे यांची चौकशी त्या काळात थरथरीच्या चौकशीइतकीच नियमाने व्हावी.